पिशवीतला कार्बोरेटर
(दहावीच्या १९९७च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजक मंडळींचा फोन आला तेव्हा विषय त्यांनी ठरवूनच ठेवला होता. “तू पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआय आणि आपली मुलं यावर वीस मिनिटं बोल.” मी म्हटलं, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि आपली मुलं तसंही आपलं ऐकत नाहीत. मला माझ्या रविवारच्या उद्योगावर बोलू द्या. मी घरी मोटारसायकलचे कार्बोरेटर खोलते. पलीकडे जरा वेळ शांतता. मग प्रश्न आला, “नुसते खोलतेस, की परत बसवतेस पण?”

परत बसवते. गाडी चालूही होते. पण आज बोलायचंय ते या दोन्हींच्या मधल्या टप्प्याबद्दल. कार्बोरेटर खोलून झालाय, ताटात वीस-पंचवीस बारीक तुकडे पडलेत आणि त्यातले दोन-चार कशाचे तेच कळत नाही, तो टप्पा. ज्यांनी घरचा मिक्सर एकदा तरी उघडलाय त्यांना मी काय म्हणते ते कळेल.

सुरुवात २०२०ची. मार्चमध्ये लॉकडाऊन लागायच्या आदल्या आठवड्यात मी इकडे आले आणि अडकले. तेव्हा स्टँडवरच्या पाटीवर अजून उस्मानाबाद होतं. दिवसभर लॅपटॉपवर कंपनीचं काम, आणि संध्याकाळी करायला काही नाही. पत्र्याच्या शेडमध्ये पोत्याखाली बाबांची हिरो होंडा सीडी १०० उभी होती. बाबा कृषी खात्यात होते, तुमच्यातल्या पुष्कळांच्या बांधावर ते येऊन गेलेत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा आपण सातवीत होतो. त्यानंतर कित्येक महिने आठवड्यातले तीन-चार दिवस बाबा त्या गाडीवर सास्तूर, लोहारा या भागात असायचे. रात्री परत यायचे, गाडी लावायचे आणि कुणाशी न बोलता झोपायचे. त्यामुळे ती गाडी विकायची भाषा आमच्या घरात कुणी काढत नाही. पण ती सहा वर्षं बंद होती.

योगायोग असा की त्याच वेळी, १ एप्रिल २०२०पासून, देशात बीएस-६ची अट लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता टाकीत पंप असतो, इंजिनावर सेन्सर असतात आणि किती पेट्रोल सोडायचं ते एक छोटा संगणक ठरवतो. म्हणजे मिस्त्रीच्या कानाची जागा माझ्या धंद्यातल्या लोकांनी घेतली. धूर कमी झाला, ते चांगलंच झालं. पण आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही आठवडी बाजाराच्या बाहेर उभ्या गाड्या मोजा. कार्बोरेटरवाल्या गाड्या अजून पैशाला पासरी आहेत, आणि त्या दुरुस्त करणारे हात दरवर्षी कमी होतायत.

आता थोडं विज्ञान. सर, घाबरू नका, चुकले तर तिथंच टोका. इंजिनाला हवा ओढायची असते आणि त्या हवेत बेताचं पेट्रोल मिसळून द्यायचं असतं. वजनानं पेट्रोलच्या एका भागाला साधारण पंधरा भाग हवा. तुम्ही आम्हाला दोन कागद समोरासमोर धरून मधून फुंकर मारायला लावली होती. कागद लांब जातील असं सगळा वर्ग ओरडला आणि ते एकमेकांना चिकटले. डॅनियल बर्नूलीनं ही गोष्ट १७३८च्या पुस्तकात मांडली, आणि आपल्या घरोघरी ती फ्लिटच्या पंपात होती. दांडा ढकलला की नळीच्या तोंडावरून हवा जोरात जाते, तिथला दाब उतरतो आणि डब्यातलं औषध वर चढून फवाऱ्यात मिसळतं. कार्बोरेटर म्हणजे तोच पंप, फक्त दांडा ढकलायला माणसाऐवजी इंजिन. खाली पेट्रोलची वाटी असते. ती किती भरायची ते फ्लोट ठरवतो, आपल्या गच्चीवरच्या टाकीतल्या बॉल-कॉकसारखा. फरक इतकाच की आपल्या टाकीला आठवड्यानं पाणी येतं, याला सतत.

मग इतके तुकडे कशाला? तर गाडी उभी असताना, हळू चालताना, मध्यम वेगात आणि पूर्ण रेस दिल्यावर लागणारं पेट्रोल वेगवेगळं. अगदी कमी रेसला पायलट जेटची बारीक वाट पुरते. जरा उघडलं की स्लाइडच्या खालच्या कडेचा तिरपा काप किती आहे ते महत्त्वाचं होतं. पाव ते पाऊण रेसपर्यंत सगळा कारभार निमुळत्या निडलचा, आणि त्याच्यावर मेन जेटचा. म्हणजे एका लहानशा धातूच्या ठोकळ्यात चार कामगार पाळीपाळीनं कामावर येतात आणि पाळी बदलताना एकमेकांत थोडे मिसळतात.

पहिली अडचण आली ती नावांची. पुस्तकात ज्याला पायलट जेट म्हणतात त्याला गॅरेजमध्ये स्लो जेट म्हणतात, कुणी आयडल जेट म्हणतं. तिन्ही एकच. पुस्तकातली स्लाइड म्हणजे गॅरेजमधला ‘पिस्टन’. त्यामुळे “पिस्टन खराब झालाय” हे वाक्य ऐकून खर्च दोनशे रुपये की इंजिन उघडायचं, हे आधी विचारावं लागतं. सगळ्यांत घोळ ‘एअर स्क्रू’चा. बाहेरून दिसणाऱ्या त्या पितळी स्क्रूला सरसकट एअर स्क्रू म्हणतात, पण तो दोन जातींचा असतो. स्लाइडच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो खरंच हवेचा: सैल केला की हवा वाढते आणि मिश्रण पातळ होतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो मिश्रणाचा: सैल केला की पेट्रोल वाढतं. दिसायला भाऊ-भाऊ, परिणाम नेमका उलटा. म्हणून “दीड आटा सोड” हा सल्ला अर्धाच आहे. स्क्रू कुठल्या बाजूचा हे आधी पाहायचं.

हे मला शिकवलं ते स्टँडमागच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीकाकांनी. काका सातवी शिकलेले. लॉकडाऊन सैल झाल्यावर मी डब्यात तुकडे घेऊन त्यांच्याकडे जायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या मागं कुणी भाऊ वगैरे उभा आहे का ते पाहिलं. आपल्या वेळी कार्यानुभवाच्या तासाला मुलांना वायरिंग आणि मुलींना टाके असायचे, आठवतं ना? मला शिलाई आवडायची, तक्रार नाही, पण शेजारच्या खोलीत सोल्डरिंगचा वास यायचा आणि माझं लक्ष तिकडं असायचं. असो. काकांना मी एक तुकडा दाखवून विचारायचे, “काका, हा कशाचा?” ते कधीच नाव सांगायचे नाहीत. म्हणायचे, “हवेचा.” किंवा “पेट्रोलचा.” किंवा “नुसता धरणारा.” मला वाटायचं, नाव माहीत नसेल. हळूहळू लक्षात आलं की ते मला नावापेक्षा कामाची गोष्ट सांगत होते. कार्बोरेटरमधला कुठलाही तुकडा घ्या. त्यातून हवा जाते, पेट्रोल जातं, किंवा तो दुसऱ्या कुणाला तरी जागेवर धरतो. चौथा प्रकार नाही. आधी ही तीन ताटं करायची. नाव मग विचारायचं, दुकानातून मागवण्यापुरतं.

काका तीन वर्षांपूर्वी गेले. गॅरेजच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

आणि आता ती पिशवी. आपल्याच वर्गातला एक जण, नाव घेत नाही, तिसऱ्या रांगेत बसलाय आणि आत्ताच हसायला लागलाय. त्याचा दुधाचा धंदा आहे. पहाटे साडेचारला गावातून निघायचं, दोन्ही बाजूंना कॅन, सहाच्या आत संकलन केंद्रावर दूध पोचवायचं. गेल्या एप्रिलमध्ये त्याची गाडी उभी राहिली की बंद पडायला लागली. प्रत्येक दारात वीस किका. गाडीला कॅन टांगलेले, ती तिरपी करायची सोय नाही. उशीर झाला की उन्हाळ्यात दूध फाटतं आणि केंद्रावर परत जातं. एका आठवड्यात तीनदा गेलं. गाडी एका ठिकाणी दुरुस्तीला टाकली. तिथल्या पोरानं कार्बोरेटर खोलला, दोन दिवसांनी तो पोरगा कामच सोडून गेला, आणि यानं तो कार्बोरेटर एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, “बघ बाई, तुझ्या त्या कॉम्प्युटरनं काय होतंय का.” नवी गाडी घ्यायची तर कर्ज काढावं लागणार होतं. दुधाच्या हिशेबात तो हप्ता बसत नव्हता, हे त्यानं सांगितलं नाही. त्याच्या बायकोनं माझ्या आईला सांगितलं.

पिशवीत बॉडी, वाटी आणि सुटे चोवीस तुकडे होते. मी स्वयंपाकघरातली तीन स्टीलची ताटं घेतली. आईनं ती आता मला कायमची देऊन टाकली आहेत. पेट्रोलच्या ताटात फ्लोटची सुई, जेट, आणि निडल जिच्यात खाली-वर होते ती पितळी नळी. धरणाऱ्यांच्या ताटात स्प्रिंगा, स्क्रू, निडलची क्लिप, फ्लोटची पिन. शेवटी तीन गोष्टी कुठल्याच ताटात जाईनात.

पहिली, ज्वारीच्या दाण्याएवढा एक स्टीलचा वॉशर. इतका बारीक की पिशवीच्या शिवणीत अडकला होता. असा तुकडा दिसला की बहुतेक जण तो जास्तीचा म्हणून फुंकून टाकतात. मी भिंग घेऊन पाहिला. एका बाजूला गोल घासल्याची खूण, स्प्रिंगच्या टोकाएवढी. दुसरी बाजू गुळगुळीत. म्हणजे एका अंगाला स्प्रिंग आणि दुसऱ्या अंगाला काहीतरी मऊ. आता ताटातल्या स्प्रिंगा एकेक करून त्या खुणेवर ठेवून पाहिल्या. मिश्रणाच्या स्क्रूची स्प्रिंग बरोबर बसली. मग मऊ ते काय? या स्क्रूवर आधी स्प्रिंग, मग वॉशर आणि टोकाकडे बारीक ओ-रिंग असा क्रम असतो. वॉशर मध्ये कशाला, तर स्प्रिंगनं रबर कुरतडू नये म्हणून. ओ-रिंग ताटात नव्हती. बॉडीत स्क्रूच्या भोकात बॅटरी मारून पाहिलं तर तळाशी काळं काहीतरी चपटं होऊन बसलेलं. वाकड्या केलेल्या तांब्याच्या तारेनं काढलं. दोन तुकडे होऊनच बाहेर आली.

आजाराचं मूळ ते होतं. ती रिंग फाटली की स्क्रूच्या बाजूनं चोरून हवा आत जाते. रेस दिलेली असताना इंजिनाला तेवढ्या हवेचं काही वाटत नाही. पण गाडी दारात उभी असते तेव्हा इंजिन अगदी चिमूटभर मिश्रणावर जगत असतं. तिथं ही चोरटी हवा आली की ते मरतं. नेमकं दारादारांत थांबणाऱ्या दूधवाल्यालाच हे जाणवणार. हायवेवरून सोलापूरला जाणाऱ्याला महिनोन्‌महिने कळणार नाही.

दुसरी वस्तू गमतीची. रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, काळा, पातळ रबरी पडदा, मधोमध धातूची बारीक दांडी. सुंदर वस्तू, पण या कार्बोरेटरला तिचं काय काम ते कळेना. इथं मी एक नियम पाळते: तुकडा ओळखता येत नसेल तर त्याचा जोडीदार शोधायचा. पडदा असेल तर तो बसायला गोल खाच हवी, तो दाबला गेला की काहीतरी पुढं ढकललं जाणार, म्हणजे तिथून निघणारी एक वाट हवी. बॉडी आणि वाटी उलटसुलट करून पाहिल्या. खाच नाही, वाट नाही. अंगठ्यानं दाबलं तर पडदा पंपासारखा हलतो. आणि तेव्हा डोक्यात आलं: १९९९मध्ये आलेली सीबीझी. आपण कॉलेजात होतो, वसतिगृहाच्या दारात ती कुणी लावली की पोरं भोवती जमायची. तिच्या कार्बोरेटरला एकदम रेस दिल्यावर पेट्रोलची एक जादा पिचकारी मारणारा पंप होता, टीपीएफसी नावाचा. हा तसल्या पंपाचा पडदा. शंभर सीसीच्या या गाडीशी त्याचा काही संबंध नाही. त्या पोरानं दोन गाड्यांचे तुकडे एकाच ताटात ठेवले होते.

मी आपल्या मित्राला फोन केला. म्हटलं, त्या गॅरेजमध्ये सीबीझी कुणाची होती ते विचार, आणि त्याला सांग, तुझी गाडी चालू होते, नीट पळते, पण एकदम रेस दिली की दम खाते, हो की नाही? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, “होय, आणि मॅडमला कसं कळलं म्हणून विचारतोय.” तो माणूस चार दिवस क्लच प्लेट बदलायच्या विचारात होता. आमच्या क्षेत्रात एखाद्या प्रोग्राममधली ओळ काढली तर नेमकं काय बिघडेल हे आधी सांगता आलं की ती ओळ समजली असं मानतात. इतकं स्वच्छ उत्तर मला ऑफिसात क्वचित मिळालंय.

तिसरं कोडं दोन मेन जेटचं. दोन्हींवर एकच आकडा. एक जुना, काळपट, खाचेच्या कडा पेचकसानं झिजलेल्या. दुसरा नवा, बाजारातल्या किटमधला. आकडा एकच तर कुठलाही लावा, असं वाटतं. मी औषधाच्या दुकानातून वीस मिलीची सिरिंज आणली, तोंडाला रबरी नळीचा तुकडा, त्यात जेट, आणि तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवरून किती सेकंदांत उतरतं ते मोजलं. नव्यातून एकतीस सेकंद, जुन्यातून सव्वीस. तीनदा मोजलं, तेच. जुन्या जेटचं भोक कुणीतरी कधीतरी स्टीलच्या तारेनं, बहुधा क्लचच्या केबलच्या धाग्यानं, साफ करताना मोठं केलं होतं. पितळ मऊ असतं. आकडा तसाच राहतो आणि भोक वाढतं. गाडी पेट्रोल जास्त का पिते याचं उत्तर तिथं होतं. कुणी जेट साफ करणार असेल तर वायरमधला तांब्याचा एक केस वापरा, तोही फिरवू नका, नुसता आरपार घाला. बरं, नव्या किटवरही डोळे मिटून विश्वास नको. काही किटमधले जेट मोजल्यावर आकड्याच्या जवळही नसतात. हा नवा निघाला बरा.

आकड्यांचा विषय निघालाय तर एक सांगते, कारण मला तो भाग फार आवडतो. एका कंपनीचा शंभर नंबर म्हणजे दुसऱ्या कंपनीचा शंभर नव्हे. केहिनच्या जेटवरचा आकडा भोकाच्या व्यासावरून असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. मिकुनीच्या षटकोनी डोक्याच्या जेटवरचा आकडा मिनिटाला किती सीसी वाहतं त्यावरून. अंतर मोजायच्या टेपनं लिटर मोजल्यासारखं होतं ते. मिकुनीचं चिन्हही लहानसं असतं, चौकोनात चौकोन. भिंगाशिवाय दिसत नाही. शेजारच्या आरएक्स १००चा कार्बोरेटर आला तेव्हा त्याच्या निडलवर कोरलेली अक्षरं वाचायला मला एक रविवार लागला. पण ती लिपी एकदा कळली की मजा येते. पहिला आकडा लांबीचा: ५ असेल तर निडल पन्नास ते साठ मिलिमीटरमध्ये. मग इंग्रजी अक्षर, ते निमुळतेपणाचं: ए म्हणजे पंधरा मिनिटं, अंशाचा पाव भाग, बी म्हणजे तीस, डी म्हणजे पूर्ण एक अंश. दोन अक्षरं असतील तर निडल दोन टप्प्यांत निमुळती. ती ज्या नळीत फिरते तिच्यावर ओ-८ असं काही असतं: अक्षर बदललं की व्यास ०.०५ मिलिमीटरनं बदलतो आणि आकडा बदलला की ०.००५नं. ओ-८ म्हणजे २.६४०. आपल्या डोक्याचा केस याच्या दहापट जाड असतो, आणि तेवढ्या फरकाला त्यांनी नाव देऊन ठेवलंय! भूमितीत अंश-मिनिटं शिकवताना बाईंना आम्ही “हे कुठं लागतं?” म्हणून छळायचो. बाई, इथं लागतं.

कधीकधी मात्र तुकडा ओळखीचा असूनही ओळखू येत नाही, आणि हे अलीकडे वाढलंय. वाटीची रबरी रिंग काढली की ती खाचेपेक्षा मोठी होऊन बसते, पुन्हा आत जाईना. माणसाला वाटतं दुसऱ्याच गाडीची आहे. तसं नसतं. जुन्या जातीचं रबर पेट्रोलमध्ये फुगतं. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं. २०२२च्या जूनमध्ये देशात दहा टक्के मिश्रण झालं आणि आता वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपापंपावर आहे. त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या उसातून येतं, म्हणजे समोर बसलेल्या काही जणांनी आपल्या बांधावरून माझ्या ओ-रिंगा फुगवल्या आहेत. ऊस लावू नका असं कोण म्हणेल? पण १९९०च्या आसपासच्या गाड्यांतलं रबर या मिश्रणासाठी बनलेलं नव्हतं, हे खरं आहे. शिवाय इथेनॉल हवेतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या वाटीत तळाशी पाणी आणि पांढरट गाळ सापडतो. उपाय साधे आहेत. फुगलेली रिंग दिवसभर कागदावर उघडी ठेवा, ती आक्रसते. मग खाचेशी जुळवून पाहा आणि तेव्हाच ठरवा ती कुठली. बदलायची तर विटॉन रबराची घ्या. आणि गाडी उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल खालच्या स्क्रूनं काढून टाका. बाबांच्या गाडीच्या वाटीत मला जे सापडलं ते गुळाच्या काकवीसारखं होतं. ते काढायला दोन दिवस लागले.

एका तुकड्याची बाजू मला इथं घ्यायचीच आहे. काही कार्बोरेटरमध्ये मेन जेटभोवती एक छोटी टोपी किंवा कडी असते. ती काढली तरी गाडी चालू होते, म्हणून पुष्कळ ठिकाणी ती परत बसवतच नाहीत. “कंपनी उगाच घालते” म्हणतात. ती असते खड्ड्यांसाठी. गाडी आपटली की वाटीतलं पेट्रोल एका बाजूला उसळतं, जेट क्षणभर उघडा पडतो आणि गाडी अडखळते. टोपी जेटभोवतीचं पेट्रोल धरून ठेवते. गुळगुळीत रस्त्यांच्या गावात ती काढा हवी तर. आपल्याकडे कुठल्या तोंडानं काढणार?

आपल्या मित्राची गाडी त्या रविवारी संध्याकाळी जोडली. नवी ओ-रिंग आठ रुपयांची, वॉशर जुनाच, जेट किटमधला. तिसऱ्या किकेला उठली आणि कॅन लावून अर्धा तास दारात उभी ठेवली तरी बंद पडली नाही. तेव्हापासून त्याचं दूध परत आलेलं नाही. तो म्हणतो मी पैसे घेतले नाहीत. घेतले, आईकडे दोन महिने खरवस येत होता.

आता शेवटचं. मिस्त्रीकाकांच्या घरच्यांनी मला त्यांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला, सुट्या तुकड्यांनी भरलेला. वर्षभरात मी तो निवडला. एक सोडून सगळे लागले. तो एक मी आज आणलाय. पितळी नळी आहे, अर्धा इंच लांब. बाहेरून आटे नाहीत, म्हणजे ती आवळलेली नसणार, खालून कुणीतरी धरत असणार. एका टोकाला तिरपा काप आहे. अंगावर चार भोकं, चारही एकाच बाजूला. माझ्या मते पेट्रोलच्या ताटातली आहे. अकरा कार्बोरेटरमध्ये घालून पाहिली, कुठंच तिची जागा नाही. आपल्यात दोघं ट्रॅक्टरच्या धंद्यात आहेत, एकाचं पाण्याच्या इंजिनांचं दुकान होतं, आणि सर, तुमच्याकडे ती जुनी स्कूटर होती. मी ती या वाटीत घालून पहिल्या रांगेपासून फिरवते. हातात घ्या, भिंगही वाटीतच आहे, पण फुंकू नका, ती उडेल. कुणाला काही सुचलं तर चहाच्या वेळी मला गाठा. आणि वाटी शेवटच्या रांगेतून परत आली पाहिजे, रिकामी नव्हे. शेवटच्या रांगेत कोण बसलंय ते मला इथून दिसतंय.